पाचाडच्या जिजाऊ : घर आणि कारभार



महाडहून रायगडाकडे जाताना गडाच्या पायथ्याशी पाचाड गाव लागते. तेथे जिजाऊंची समाधी व त्यांच्या वाड्याचे अवशेष आहेत. राजमाता म्हणून आपण त्यांना ओळखतोच. आज आम्ही त्यांच्याकडे घर आणि बाहेरचे काम दोन्ही सांभाळणारी स्त्री म्हणून पाहणार आहोत.

जिजाऊंचा जन्म १५९८ साली सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांच्या घरी झाला. १६२९ साली निजामशाहीच्या दरबारात त्यांच्या वडिलांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. पती शहाजीराजे पुढे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गुंतले. पुण्याची जहागीर उजाड झाली होती. जिजाऊंनी मुलगा वाढवला आणि कारभारातही लक्ष घातले. लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्या निवाडेही देत.

१६५९ साली सून सईबाई वारल्या. नातू संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते. साठी उलटलेल्या आजीने पुन्हा एक लेकरू पदरात घेतले. १६६६ साली मुलगा आणि नऊ वर्षांचा नातू दोघेही आग्र्यात अडकले. त्या काळजीतही जिजाऊंनी राज्याचा कारभार थांबू दिला नाही.

उतारवयात त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला गेला. ६ जून १६७४ रोजी मुलाचा राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला पाचाडलाच त्यांनी देह ठेवला.

हे वाचून कोणी म्हणेल, जिजाऊंना जमले, मग आजच्या बायकांना का जमू नये? पण एक गोष्ट विसरू नये. नातवाला दूध पाजायला कापूरहोळच्या धाराऊ होत्या. कारभाराला माणसे होती. वाड्यात नोकरचाकर होते. जिजाऊ खंबीर होत्या, पण एकट्या नव्हत्या.

आपल्या कितीतरी भगिनी पहाटे उठून डबे करतात, औद्योगिक वसाहतीत, शाळेत, दवाखान्यात दिवसभर राबतात आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतात. त्यांचे आम्ही कौतुक करतो. पण कौतुकाने भांडी घासली जात नाहीत. पती, मुलगे, सासूसासरे यांनी हात लावला तरच भार हलका होतो.

आज मिस्साहून घरी गेल्यावर स्वयंपाकघरात आधी कोण शिरते, ते आपण सारे पाहू या.