दोन घरांचा मुलगा : वसईचे संत गोन्सालो गार्सिया



नोकरीधंद्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीत येऊन स्थायिक झालेली अनेक कुटुंबे आपल्यात आहेत. कुणी वसईहून आले, कुणी गोव्याहून, कुणी मंगळूर वा केरळहून. मुले घरी एक भाषा ऐकतात, शाळेत दुसरी बोलतात आणि खेळताना तिसरी. आजीने गावच्या बोलीत हाक मारली की नातू इंग्रजीत उत्तर देतो. मग आईवडिलांना काळजी वाटते, आपले मूल ना धड इकडचे, ना धड तिकडचे असे तर होणार नाही ना? अशा वेळी संत गोन्सालो गार्सिया ह्यांची आठवण करावी.

२०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईत सुमारे १५५६ साली गोन्सालोचा जन्म झाला. तेव्हा तिथे पोर्तुगिजांचा अंमल होता. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. राज्यकर्त्यांची भाषा एक आणि आईच्या माणसांची दुसरी, अशा घरात तो वाढला. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंकडे तो शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला.

तिथे सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षणाचे काम करताना त्याने जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती, पण ती पूर्ण झाली नाही. तो मकावला जाऊन व्यापारी झाला. व्यापारात जम बसला, तरी मनाची ओढ काही गेली नाही. अखेर फिलिपाइन्समधील मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता मनिलाहून जपानच्या सत्ताधीशाकडे, तोयोतोमी हिदेयोशीकडे, निघाले. त्यांना दुभाषा हवा होता. हे काम बंधू गोन्सालोंनी केले. क्योतो शहरात ह्या फ्रान्सिस्कन बंधूंनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांची सेवा केली.

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. बंधू गोन्सालोंसह सव्वीस जणांना कडाक्याच्या थंडीत नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर सर्वांना क्रूसावर ठार करण्यात आले. त्यांच्यात तेरा वर्षांचा आंतोनियो होता. त्याचे वडील चिनी, आई जपानी. दोन घरांचा आणखी एक मुलगा!

१६२७ साली ह्या सव्वीस जणांना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत मानले जातात.

पालकहो, दोन भाषांत वाढलेल्या ह्याच मुलाने पुढे दोन देशांत संवाद घडवला. तेव्हा मुलांशी घरी आपल्या बोलीत जरूर बोला. ती अडखळली तर हसू नका, आणि त्यांच्याकडून त्यांच्या जगातले चार शब्द तुम्हीही शिका.

संत गोन्सालो, आमच्या मुलांसाठी विनंती करा.