विश्लेषण : ठाण्याच्या किल्ल्यापासून वसईच्या तहापर्यंत, चिमाजी अप्पांच्या मोहिमेने काय बदलले?

ठाणे मध्यवर्ती कारागृहाची दगडी तटबंदी ठाणेकर रोज पाहतात. ही तटबंदी मुळात तुरुंगाची नाही, किल्ल्याची आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकला. पुढच्या दोन वर्षांत साष्टी आणि वसईवरची दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. या विजयाचा परिणाम मुंबई आणि ठाण्याच्या राजकारणावर पुढे अनेक दशके राहिला.

कोण होते चिमाजी अप्पा?

पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे पुत्र आणि पहिल्या बाजीरावांचे सख्खे बंधू. जन्म १७०७ च्या सुमारास. बाजीराव उत्तरेत मोहिमांवर असताना पैशाची व्यवस्था, छत्रपती शाहूंच्या दरबारातील राजकारण आणि दक्षिणेची आघाडी चिमाजी अप्पा सांभाळत. मात्र, ते केवळ कारभारी नव्हते. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यातील अमझेरा येथे त्यांनी मुघल सुभेदार गिरिधर बहादूरचा पराभव केला. एप्रिल १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात मारला गेला. तब्येत मात्र सतत नाजूक असे.

ठाणेच का?

साष्टी म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचे बेट. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांना दिला होता. खाडीच्या या बाजूला कल्याण, भिवंडीचा मुलूख मराठ्यांकडे होता. बेटावर उतरण्याची सोयीची वाट ठाण्यातून जात होती. ठाण्याचा किल्ला पूर्ण झाला असता, तर ही वाट कायमची बंद झाली असती.

पोर्तुगीजांच्या धार्मिक सक्तीविरुद्ध स्थानिकांमध्ये असंतोष होता. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांकडे मोहिमेसाठी पाठपुरावा केला. खाडी, उतार आणि वाटांची माहिती असलेल्या अशा स्थानिकांमुळेच अचानक हल्ला शक्य झाला. अर्धवट बांधलेला किल्ला पडला आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली.

वसईला दोन वर्षे का लागली?

वसईचा किल्ला तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदलीने वेढलेला. १७३७ मधील पहिले प्रयत्न फसले. त्यानंतर बाजीराव भोपाळला निजामाशी लढत होते आणि चिमाजी अप्पांना निजामाची कुमक रोखण्यासाठी खानदेशाकडे जावे लागले. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा सेनानी पेद्रू द मेलो तोफगोळा लागून ठार झाला.

१७३९ च्या सुरुवातीला चिमाजी अप्पा पूर्ण ताकदीने उतरले. माहीम, तारापूर हे किल्ले पडले. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यावर चाल केल्याने वसईला तिकडून मोठी मदत येऊ शकली नाही. अखेर वेढा आवळून तटाखाली सुरुंग पेरले गेले. मे महिन्यात बुरुज उडाले, खिंडारातून हल्ले झाले आणि वसई शरण आली. मराठ्यांचे सुमारे पाच हजार लोक ठार किंवा जखमी झाल्याचे सांगितले जाते.

शरणागतीच्या अटी मात्र उदार होत्या. सैन्याला शस्त्रांसह, सामान आणि कुटुंबकबिला घेऊन जाऊ देण्यात आले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्म पाळण्याची मुभा मिळाली. वसईतील ख्रिस्ती वस्ती आजही टिकून आहे.

विजयानंतर काय झाले?

चिमाजी अप्पांना फार दिवस लाभले नाहीत. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. पुतणे नानासाहेबांना पेशवेपद मिळवून देण्यात अप्पांनी पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचेही निधन झाले. वय अवघे ३३. मागे दहा वर्षांचा मुलगा होता : सदाशिवराव, म्हणजेच १७६१ मध्ये पानिपतावर पडलेले भाऊसाहेब.

दीर्घकालीन परिणाम कोणते?

पहिला, पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावरील मोठी सत्ता राहिले नाहीत. गोवा, दमण, दीव एवढ्यापुरतेच ते उरले आणि १९६१ पर्यंत तिथेच राहिले.

दुसरा, मुंबईच्या इंग्रजांना आता खाडीपलीकडे थेट मराठे शेजारी मिळाले. जुलै १७३९ मध्ये त्यांनी चिमाजी अप्पांशी व्यापाराचा तह केला. पण साष्टीवरची नजर काढली नाही. पोर्तुगीज आरमार हा मुलूख परत घ्यायला येत असल्याच्या बातमीने घाई करून त्यांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला जिंकला. यातूनच पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटले. १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण आणि वसईही घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली. ठाण्यासह साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

तिसरा परिणाम अधिक बोचरा आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. तो तह झाला वसईतच. चिमाजी अप्पांनी हजारोंच्या बलिदानाने जिंकलेल्या गावात त्यांच्या भावाच्या नातवाने सार्वभौमत्व गमावले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

पोर्तुगीजांना हटवणे चिमाजी अप्पांना जमले. साष्टी राखायची, तर ठाणे राखायला हवे, हे १७३८ मध्ये मराठ्यांनी दाखवून दिले होते. १७७४ मध्ये, पुण्यात पेशवाईवरून घरचा कलह पेटलेला असताना, ते जमले नाही. ठाण्याच्या त्याच किल्ल्यात पुढे इंग्रजांनी तुरुंग केला.