विश्लेषण : कोलेस्टेरॉल १६५, तरीही हार्ट अटॅक! आयझेनहॉवर यांच्या रक्तात काय मोजलेच गेले नाही?

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट नॉर्मल आला, की तो फाइलला लावून आपण मोकळे होतो. अमेरिकेचे ३४वे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचाही आकडा असाच चांगला होता. झटक्यापूर्वीच्या शेवटच्या तपासणीत त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १६५ असल्याचे सांगितले जाते. आजच्या निकषानेही हा आकडा उत्तमच. तरीही वयाच्या ६४व्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. असे का व्हावे, याच्या उत्तराचा एक भाग आज एका साध्या रक्तचाचणीतून कळू शकतो. त्यांच्या वेळी ती चाचणी नव्हती.

कोण होते आयझेनहॉवर?

जन्म १८९०, टेक्सासमधील डेनिसन गावी. बालपण कॅन्ससमधील अ‍ॅबिलीनमध्ये. घरची परिस्थिती बेताची, भावंडे सगळे मुलगे. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून ते १९१५ मध्ये बाहेर पडले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त फौजांचे ते सर्वोच्च सेनापती. १९५३ ते १९६१ या काळात ते अध्यक्ष होते. भारतात आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत त्यांना पाहायला उसळलेल्या गर्दीतून त्यांची आणि पंडित नेहरूंची मोटार पुढे सरकेना. तोवर हृदयविकाराचा मोठा झटका आणि मेंदूचा सौम्य झटका, दोन्ही त्यांनी पचवले होते.

एक सवय मात्र वाईट होती. युद्धकाळात ते दिवसाला चार-चार पाकिटे सिगारेटी ओढत. १९४९ मध्ये डॉक्टरांनी बजावल्यावर त्यांनी ती एका झटक्यात सोडली आणि पुन्हा ओढली नाही.

त्या रात्री काय झाले?

२३ सप्टेंबर १९५५. अध्यक्ष सुटीसाठी डेन्व्हरमध्ये, सासुरवाडीच्या घरी मुक्कामाला. दिवसभर गोल्फ, दुपारी हॅम्बर्गर आणि कच्चा कांदा. खेळ ऐन रंगात असताना परराष्ट्र खात्याकडून पुन्हा पुन्हा फोन, त्यामुळे चिडचिड. पोटात जळजळ झाली, तिचा दोष त्यांनी कांद्याला दिला. मध्यरात्र उलटल्यावर छातीत कळ आली. पत्नी मेमी यांनी आधी पोटाचे औषध दिले, मग खासगी डॉक्टर हॉवर्ड स्नायडर यांना बोलावले. सकाळी पत्रकारांना अध्यक्षांचे पोट बिघडल्याचे सांगण्यात आले. ईसीजी काढून त्यांना लष्करी रुग्णालयात हलवेपर्यंत दुपार झाली होती. (आपल्याकडेही अशी कळ ‘गॅस’ म्हणून अंगावर काढली जाते. इथे तर अध्यक्षांच्या दिमतीला डॉक्टर होते.)

सोमवारी शेअर बाजार उघडला आणि डाऊ जोन्स एका दिवसात साधारण साडेसहा टक्क्यांनी कोसळला. बोस्टनहून आलेले हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकार परिषदेत हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी कशी होते, हे सोप्या भाषेत समजावले. अध्यक्षांच्या शौचाची माहितीसुद्धा दिली. त्या काही आठवड्यांत सामान्य अमेरिकी माणूस हृदयविकाराबद्दल जेवढे शिकला, तेवढे आधी कधी शिकला नसेल.

आकड्याचा ध्यास

अकरा नोव्हेंबरला आयझेनहॉवर रुग्णालयातून घरी निघाले. १९५६ची निवडणूक लढवली आणि मोठ्या फरकाने जिंकली. मात्र आता घरात एक नवा आकडा आला होता. लोणी, मलई, चरबी बंद. वजन तरुणपणी होते तेवढेच राहिले पाहिजे हा हट्ट. कोलेस्टेरॉलची तपासणी वर्षातून अनेकदा. सेनापतीच्या शिस्तीने त्यांनी पथ्य पाळले, पण आकडा खाली येण्याऐवजी वर सरकत गेला. ते इतके अस्वस्थ होत, की डॉ. स्नायडर यांनी कधी कधी त्यांना प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा सांगितला. जानेवारी १९६१ मध्ये पद सोडताना कोलेस्टेरॉल २५९ वर पोहोचले होते. त्याच महिन्यात कमी चरबीच्या आहाराचे पुरस्कर्ते अ‍ॅन्सेल कीज ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले, हा योगायोग गमतीचा म्हणायचा की क्रूर, कोण जाणे.

१६५ वर असताना झटका आला, २५९ वर असताना माणूस हिंडता-फिरता होता. याचा अर्थ कोलेस्टेरॉल खोटे, असा नाही. एलडीएल अर्थात वाईट कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांत साचते, हे तेव्हापासून आजवर अनेक मार्गांनी सिद्ध झाले आहे. पण एकूण कोलेस्टेरॉलच्या एका आकड्यात हृदयाचा सगळा हिशेब मावत नाही.

ऑस्लोत काय सापडले?

आयझेनहॉवर गेटिसबर्गच्या शेतावर निवृत्तीचे दिवस घालवत असताना, १९६३ मध्ये, नॉर्वेचे जनुकशास्त्रज्ञ कोरे बर्ग यांनी एक शोध जाहीर केला. रक्तगटांसारखे आणखी कोणते फरक माणसामाणसांच्या रक्तात असतात, याचा ते शोध घेत होते. मानवी रक्तातील एलडीएलसारखे कण सशांना टोचून त्यांनी प्रतिद्रव्ये तयार करवली. ही प्रतिद्रव्ये साधारण एक तृतीयांश लोकांच्या रक्ताला प्रतिसाद देत, बाकीच्यांच्या नाही. हा फरक आईबापांकडून मुलांकडे उतरत होता. या कणाला नाव मिळाले लिपोप्रोटीन-ए, लॅबच्या भाषेत ‘एलपी-ए’.

एलपी-ए म्हणजे एलडीएलचाच कण, पण त्याला एक जादा प्रथिन चिकटलेले. १९८७ मध्ये या प्रथिनाचे जनुक उलगडले, तेव्हा ते रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझमिनोजेनशी विलक्षण मिळतेजुळते निघाले. म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा हा कण गुठळी विरघळवणाऱ्याचा मुखवटा घालून फिरतो. रक्तवाहिनीत थर साचवण्यात त्याचा हात असतो, आणि महाधमनीची झडप कठीण होऊन अरुंद होण्यातही.

त्याचे प्रमाण बहुतांशी जनुकांवर ठरते, बालपणीच स्थिर होते आणि आयुष्यभर जवळपास तेवढेच राहते. तेल कमी करा, रोज पाच किलोमीटर चाला, हा आकडा फारसा हलत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो वेगळा दिसतही नाही.

मग आयझेनहॉवर यांचे दुखणे आनुवंशिक होते का?

तसे म्हणता येणार नाही. त्यांच्या घराण्यात हृदयविकाराचा ठळक इतिहास नसल्याचे तेव्हा सांगितले जात होते आणि वर्षानुवर्षांच्या सिगारेटी हे पुरेसे मोठे कारण होते. १९६५ मध्ये त्यांना पुन्हा झटका आला, १९६८ मध्ये तर एकामागून एक आले. २८ मार्च १९६९ रोजी, ७८व्या वर्षी, हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथीत रक्तदाब वरखाली करू शकणारी एक छोटी गाठही आढळली. जिवंतपणी तिचा पत्ता लागला नव्हता. संशयित असे अनेक होते. मोजला जात होता तो एकच. एलपी-एचा हृदयविकाराशी संबंध संशोधक जोडू लागले ते सत्तरच्या दशकात.

ही चाचणी कोणी करावी?

२०१९च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक प्रौढाने आयुष्यात किमान एकदा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये हीच शिफारस केली. भारतीयांत साधारण चारांतील एकाचे प्रमाण जास्त असते, असे ही संघटना सांगते. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला कमी वयात झटका आला असेल, तर चाचणी टाळू नये. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही.

रिपोर्टमध्ये आधी एकक पाहावे. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटर याच्या वर धोका वाढतो. शेजाऱ्याचा आकडा १०० आणि आपला ६० असला, तरी एकके वेगळी असतील तर आपलाच धोका जास्त असू शकतो. आकडा जास्त आला, तर भावंडांची आणि मुलांचीही चाचणी करावी.

हे प्रमाण खाली आणणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्या गेली काही वर्षे सुरू आहेत. स्टॅटिन गोळ्यांनी ते उतरत नाही. तरीही डॉक्टर त्याच गोळ्या देतात, कारण वारशाचा धोका हलवता येत नसला तरी एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांचा भार त्यावरून उतरवता येतो. एलपी-ए जास्त असलेल्या व्यक्तीला एलडीएलचे लक्ष्य नेहमीपेक्षा खालचे दिले जाते ते यामुळेच. गोळी स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि घरात कोणाला, कोणत्या वयात त्रास झाला, हेही त्यांना सांगावे.