गुस्ताव आयफेल: आराखडाही त्यांचा, बांधकामही त्यांचं

आयफेल टॉवरचा पहिला आराखडा गुस्ताव आयफेल यांनी काढलाच नव्हता. १८८४ मध्ये तो काढला त्यांच्या कंपनीतल्या मॉरिस केशलँ आणि एमिल नूगिए या दोन इंजिनिअरांनी. मग टॉवरला आयफेल यांचं नाव का?

आपल्याकडे घर बांधताना आर्किटेक्ट वेगळा, कॉन्ट्रॅक्टर वेगळा. भिंतीला तडा गेला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आराखडा आणि बांधकाम एकाच करारात एकालाच दिलं, तर ही पळवाट उरत नाही. आज याला 'डिझाइन-बिल्ड' म्हणतात. आयफेल यांची सगळी कारकीर्द अशाच कामांवर उभी राहिली.

१८३२ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहरात त्यांचा जन्म झाला. इंजिनिअर झाल्यावर त्यांनी पॅरिसजवळ लव्हालुआ-पेरे इथे स्वतःचा कारखाना काढला. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात दोउरू नदीवर रेल्वेपूल हवा होता. नदी खोल, पात्रात आधाराची पहाड बांधणं अवघड. आयफेल यांचे भागीदार तेओफिल सेरिग यांनी १६० मीटरची लोखंडी कमान आखली आणि ती दोन्ही काठांवरून, तारांनी तोलून धरत, मध्यापर्यंत नेली. कमान कशी उभी करायची हे आखतानाच ठरलेलं होतं. १८७७ मध्ये पूल सुरू झाला. पुढे फ्रान्समधल्या गाराबी इथल्या पुलाचं काम सरकारने त्यांना टेंडर न काढता दिलं.

टॉवरचा करार झाला ८ जानेवारी १८८७ रोजी. त्यावर आयफेल यांनी सही केली ती कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या नावाने. खर्चाचा अंदाज सुमारे ६५ लाख फ्रँक, त्यात सरकारी मदत फक्त १५ लाख. उरलेल्या पैशांची सोय आयफेल यांनी करायची आणि बदल्यात २० वर्षं तिकिटांचं उत्पन्न घ्यायचं. टॉवर पडला असता, तर दिवाळं त्यांचंच निघालं असतं.

इथे कारखाना कामी आला. सुमारे १८,००० सुटे भाग तिथूनच भोकं पाडून यायचे. एखादा भाग बसला नाही, तर तो जागेवर ठोकून बसवायचा नाही, परत कारखान्यात पाठवायचा. आखणारे, घडवणारे आणि जोडणारे एकाच मालकाचे, त्यामुळे चूक कुणाची यावर भांडायला वावच नव्हता. २ वर्षं, २ महिने आणि ५ दिवसांत टॉवर उभा राहिला.

पण सगळं एकाच्या खांद्यावर असलं की संकटही त्याच खांद्यावर येतं. १८८७ मध्येच त्यांनी पनामा कालव्याचे पाणदरवाजे आखून बांधण्याचं मोठं कंत्राट घेतलं. १८८९ मध्ये कालव्याची कंपनी बुडाली. हजारो फ्रेंच कुटुंबांची बचत गेली आणि कंत्राटदार म्हणून आयफेल यांच्यावरही खटला चालला. १८९३ मध्ये त्यांना दोन वर्षांचा तुरुंगवास आणि दंड सुनावला गेला. खटला भरण्याची मुदत टळून गेली होती, म्हणून त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली.

आयफेल त्याच वर्षी धंद्यातून बाजूला झाले आणि कंपनीच्या नावातूनही त्यांचं नाव गेलं. पुढची तीस वर्षं त्यांनी हवेचा दाब आणि वाऱ्याचे प्रयोग केले, त्यातले बरेचसे टॉवरवरच. १९२३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.