ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर

आपल्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा रिवाज आहे. यंदा ते काम मजकडे आले. सातवी शिकलेल्या बाईने ज्योतिर्गणित्याचे चरित्र लिहावयास घेतले हे कित्येक भगिनींना धाडस वाटेल. पण त्याचे कारण घरातलेच आहे. थोरल्या मुलास साडेसाती लागली असे कळल्यापासून मी धास्तावले होते. सासूबाईंनी शनिवार सांगितले, ते धरले. पण ही साडेसात वर्षेच का, हे काही केल्या मनातून जाईना. शोधता शोधता समजले की शनीला सूर्याभोवती एक फेरी करण्यास साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे व तीन राशींत साडेसात. गुरूची फेरी बारा वर्षांची, म्हणून सिंहस्थ आणि कन्यागत बारा वर्षांनी येतात. हा हिशेब जमला तेव्हा माझी निम्मी भीती गेली. शनिवार मात्र सोडले नाहीत.

या वाचनातच केतकरांचे नाव वारंवार भेटले.

त्यांचा जन्म १८५४ च्या जानेवारीत धारवाडकडील नरगुंद येथे झाला. वडील बापूशास्त्री स्वतः ज्योतिष जाणणारे. पहिले धडे घरीच मिळाले. पुढे मॅट्रिक होऊन १८७४ साली ते शिक्षण खात्यात शिक्षक म्हणून लागले. बागलकोटच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. १९११ पर्यंत नोकरी केली व पेन्शन घेऊन विजापुरास राहिले. आपला विजापूर रोड जिकडे जातो तेच गाव, येथून शंभरेक किलोमीटरवर. सदतीस वर्षे शाळा सांभाळून या गृहस्थाने ग्रहांचे गणित केले. घरच्या मंडळींनी त्यासाठी काय सोसले असेल ते कोणी लिहून ठेवीत नाही, आपणच ओळखावे.

त्या काळी पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या १५२० सालच्या ग्रंथावरून होत. ग्रंथ मोठा उत्तम. पण शतकानुशतके बारीक बारीक चूक साठत गेली आणि पंचांगातील ग्रहणाची वेळ आकाशाशी जुळेना. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली नवी कोष्टके मराठीत दिली होती. केतकरांनी युरोपातील सूक्ष्म गणित घेऊन ‘ज्योतिर्गणितम्’ हा मोठा ग्रंथ लिहिला, तोही संस्कृतात! मला यातच त्यांचा खरा शहाणपणा दिसतो. शास्त्रीमंडळींस ज्या भाषेवर भरवसा, त्या भाषेत नवी गोष्ट सांगितली.

राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा यावर मोठा वाद झाला. लोकमान्य टिळकांचा पक्ष एक, केतकरांचा चित्रा नक्षत्राचा पक्ष दुसरा. फरक सुमारे चार अंशांचा. पण त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिना निराळा येतो आणि एका घरची दिवाळी दुसऱ्या घराहून महिनाभर पुढेमागे होते. फराळ कोणत्या महिन्यात करावयाचा हा प्रश्न आपल्याला काही लहान नव्हे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली नेमलेल्या सरकारी पंचांग समितीनेही चित्रापक्षच घेतला. सोलापुरातून निघणारे आपले दाते पंचांग त्याच पक्षाचे.

आता दूरच्या ग्रहांविषयी. खळ्यावर तिवड्याभोवती बैल फिरताना बाहेरच्या बैलाला भराभर चालावे लागते. आकाशात उलटे आहे. बाहेरच्या ग्रहावर सूर्याची ओढ कमी, म्हणून त्याची वाट तर लांब असतेच, शिवाय चालही मंद. नेपच्यून पृथ्वीच्या तीसपट दूर, पण फेरीला तीस वर्षे न लागता १६५ लागतात. हर्षलला ८४ लागतात. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांत एक मेळ आहे : तिसरा एक फेरी करतो तोवर दुसरा दोन व पहिला चार करतो. असाच मेळ बाहेरच्या ग्रहांत असावा असे धरून केतकरांनी नेपच्यूनपलीकडे ग्रह असल्याचे गणित मांडले. १९११ साली ते फ्रान्समधील ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत छापून आले. त्या ग्रहास त्यांनी ‘ब्रह्मा’ म्हटले व फेरीचा काळ सुमारे २४२ वर्षे सांगितला.

१९३० साली अमेरिकेत प्लूटो सापडला. त्याची फेरी २४८ वर्षांची!

यावरून केतकरांनीच प्लूटो शोधला असे आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते. मला ते पटत नाही. त्यांनी दुर्बिणीतून तो पाहिला नव्हता, आणि आकडे इतके जवळ आले त्यात योगायोगाचा वाटा मोठा आहे. प्लूटो फार लहान निघाला. २००६ साली त्याला ग्रहांच्या पंक्तीतून उठवून बटुग्रहांत बसविले. तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९६५ साली असे आढळले की नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तोवर प्लूटोच्या बरोबर दोन होतात. केतकरांनी मांडलेला मेळ हाच नव्हे, पण त्या दूरच्या अंधारात मेळ असावा हा त्यांचा कयास पोकळ नव्हता.

प्लूटो सापडल्याची बातमी मार्चमध्ये जाहीर झाली. केतकर तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते वारले. १८४६ साली सापडलेल्या नेपच्यूनची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी झाली. प्लूटोची व्हायची आहे, ती २१७८ साली.