नास्तिकाची शपथ

पुढाऱ्याला त्याचा धर्म व संगत विचारावी काय? चार्ल्स ब्रॅडलॉ (१८३३-१८९१) यांचे चरित्र पाहा. लंडनच्या गरीब घरातला हा उघड नास्तिक. संततिनियमनाच्या पुस्तिकेवरून १८७७ साली ॲनी बेझंट यांच्यासह त्यांच्यावर खटला झाला. हे ठाऊक असूनही नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी १८८० साली त्यांना निवडून दिले. पार्लमेंटने मात्र शपथ घेऊ दिली नाही. एक रात्र कोठडीतही ठेवले. मतदारांनी पुन्हा पुन्हा त्यांनाच निवडले. १८८६ साली त्यांना जागा मिळाली. ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याचा हक्क त्यांनी १८८८ साली सर्व सभासदांना कायद्याने मिळवून दिला. १८८९ च्या मुंबई काँग्रेसलाही ते आले. त्यांनी मते लपविली नाहीत; मतदारांनी वर्तन पाहिले. तुम्हीही पुढाऱ्याला जरूर विचारा. मात्र निवाडा मतदाराने करावा, आणि तो वर्तनावरून करावा.