दुष्काळातून उभे राहिलेले देऊळ : संत तुकाराम महाराज

पुण्याजवळ इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. तेथील महाजनकी तुकाराम महाराजांच्या घराण्याकडे होती. घरी शेतीवाडी, वाण्याचा व्यापार आणि सावकारी. पूर्वज विश्वंभरबुवांनी प्रतिष्ठापिलेल्या विठ्ठलाची पूजा आणि पंढरीची वारीही घराण्यात परंपरेने चालत आलेली. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर.

वडील बोल्होबांच्या निधनानंतर हा डोलारा ढासळू लागला. थोरले बंधू सावजी पत्नीच्या मृत्यूनंतर तीर्थयात्रेला निघून गेले. सारा भार तरुण तुकोबांवर पडला. अशातच १६३० साली पाऊस पडला नाही आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ आला. गुरेढोरे मेली, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. थोरली पत्नी रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. मुलगा संतूही गेला. ज्या घरातून गावाला धान्य विकले जाई, त्याच घरात भूकबळी पडला! ही लाज तुकोबांना किती लागली असेल, याचा विचार करून पाहावा.

महाराज भामनाथाच्या डोंगरावर एकांतात गेले. पुष्कळदा चरित्र येथून थेट वैराग्याकडे वळते. खरे महत्त्वाचे घडले ते मात्र परत आल्यावर. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत गेले. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडायचे तुकोबांनी ठरविले. पण कान्होबांनाही संसार होता. म्हणून कागदांची निम्मी वाटणी त्यांना दिली आणि फक्त स्वतःचा हिस्सा नदीत बुडविला. अनेक कुळांची कर्जे त्या पाण्यात संपली. दुष्काळाने पिचलेल्या माणसाला याहून मोठा प्रसाद कोणता? स्वतःच्या त्यागाचा भार भावावर टाकायचा नाही, हा विवेकही येथे दिसतो. (पुढे संसाराचा भार द्वितीय पत्नी जिजाबाईंनीच सोसला. त्यांना कजाग म्हणून हिणवण्याची जुनी सवय आपण आता सोडावी.)

विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि तेथे एकादशीला कीर्तन सुरू केले. पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली. प्रथम ते दुसऱ्या कीर्तनकारांच्या मागे ध्रुपद धरून उभे राहत. स्वतःची अभंगवाणी नंतर प्रकटली.

हळूहळू त्या देवळात माणसे जमू लागली. चाकणचे तेली संताजी जगनाडे आले, कडूसचे गंगाराम मवाळ आले. दोघेही अभंग लिहून घेऊ लागले. कवी संत बहिणाबाई कुटुंबासह देहूला येऊन राहिल्या. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आधी कडाडून विरोध केला, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. परंपरा सांगते की महाराज तेरा दिवस अन्नपाण्याविना नदीकाठी बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या.

पुढे तेच रामेश्वर भट टाळ घेऊन महाराजांच्या मागे, तेली आणि कुणबी टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहू लागले.